समाजाच्या धर्मशाळेत लग्न : खर्च कुठे कुठे धराल?

हायवेवरचे लॉन परवडत नाही, म्हणून शिक्रापूर परिसरातली अनेक घरे लग्नासाठी आळंदीकडे वळतात. आळंदीत आणि पंढरपुरात शिंपी, परीट, नाभिक, तेली अशा कसबी समाजांनी वर्गणी काढून वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांतल्या अनेक आता लग्नकार्यालाही मिळतात.

युरोपातही कारागिरांच्या संघांनी अशाच वास्तू उभारल्या. ब्रुसेल्सच्या मुख्य चौकात बेकरीवाले, शिंपी, बिअर गाळणारे अशा अनेक धंद्यांची आपापली घरे होती. 1695 मध्ये फ्रेंच तोफांनी चौक उद्ध्वस्त केला, तेव्हा संघांनी काही वर्षांतच तो पुन्हा बांधला. बिअरवाल्यांचे घर आजही त्यांच्याच संघटनेकडे आहे. आपल्याकडे पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी उभारली आणि पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. अशा वास्तू टिकायला हव्यात. त्यासाठी घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हिशेब चोख हवा.

तारीख आधी पाहा
कार्तिकी एकादशीच्या आणि पालखी प्रस्थानाच्या दिवसांत धर्मशाळांवर पहिला हक्क दिंड्यांचा. त्या तारखा टाळा. दुसऱ्या समाजाला कार्यालय देतात का आणि दर तोच असतो का, हेही आधीच विचारा.

भाड्यात काय येते?
पुढील बाबी लेखी घ्या :
- भाड्याचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि कधी संपतो.
- वऱ्हाडाच्या खोल्या, गाद्या आणि भांडी भाड्यात आहेत की वेगळी.
- वीज मीटरप्रमाणे की ठोक. मीटरप्रमाणे असेल, तर ताब्यात घेताना आणि सोडताना रीडिंगचा फोटो काढा.
- जनरेटरचे डिझेल, पाण्याचा टँकर, सफाई आणि खरकटे उचलण्याचा खर्च कोणाचा.
- आपला आचारी चालतो की त्यांचाच केटरर घ्यावा लागतो. एकूण खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.
- अनामत किती, परत कधी आणि तारीख रद्द झाल्यास किती कापणार.

जीएसटीचा हिशेब
कार्यालयाच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. 12,000 रुपये भाडे असेल, तर 2,160 रुपये कर धरून 14,160 होतात. मात्र नोंदणीकृत धर्मादाय किंवा धार्मिक ट्रस्टच्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या धर्मस्थळाच्या आवारातील सभागृहाचे भाडे दिवसाला 10,000 रुपयांपेक्षा कमी असेल, तर कर माफ आहे. खोलीसाठी ही मर्यादा दिवसाला 1,000 रुपये आहे. प्रत्येक धर्मशाळा या अटीत बसेलच असे नाही, म्हणून बुकिंग करतानाच विचारा. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल, तर कर आकारण्याचा अधिकारही नाही.

पावती
पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक पाहा. भाड्याचे पैसे घेऊन ‘देणगी’ अशी पावती मिळत असेल, तर भाड्याची वेगळी पावती मागा. उद्या तारखेवरून किंवा अनामतीवरून वाद झाला, तर तोच तुमचा पुरावा असतो.

रात्रीचा कार्यक्रम
रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वरातीचा बँड त्या हिशेबानेच ठरवा.

तक्रार कुठे?
आधी विश्वस्तांना लेखी कळवा. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे शिक्रापूरकरांना पुण्यात.

कार्य मनासारखे पार पडले, तर ऐपतीप्रमाणे खरी देणगी जरूर द्या, तिची पावती वेगळी घ्या. पत्र्याची डागडुजी, रंगरंगोटी, पाण्याची टाकी हे सारे अशाच पैशांतून होते आणि पुढच्या वारीला तिथे पाठ टेकणाऱ्या वारकऱ्याला त्याचा उपयोग होतो.