लहान शेपटीचें मोठें काम

कागदाचें विमान आपण सर्वांनीं केलेंच असेल. त्याच्या मागच्या कडा किंचित् वर वळविल्या कीं त्याचें नाक वर उठतें. फार वळविल्या तर तें वर चढून थबकतें आणि खालीं कोसळतें. हा खेळ ज्यानें लक्षपूर्वक पाहिला, त्याला आजचा विषय अर्धाअधिक समजलाच म्हणावयाचा.

पाण्यांत पंख बुडवून नौका वर उचलण्याची युक्ति जुनी आहे. इ. स. १९०६ मध्यें एन्रिको फोर्लानिनी या इटालियन संशोधकानें माजोरे सरोवरावर अशी नौका चालवून दाखविली. पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हवाई बेटांत लेअर्ड हॅमिल्टन प्रभृति धाडसी पुरुषांनीं हीच युक्ति लाटांवर स्वार होण्याच्या फळीला लाविली. तीच हायड्रोफॉइल फळी होय.

या फळीच्या तळाशीं एक उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकास एक आडवा कणा. कण्याच्या पुढें मोठा पंख व मागें लहान पंख, म्हणजेच शेपटी. वेग आला म्हणजे पुढचा पंख स्वाराचा भार उचलतो आणि फळी पाण्याबाहेर अधांतरीं धांवूं लागते. शेपटी बहुधा उलट काम करते. ती मागची बाजू खालीं दाबून धरते. ती नसेल तर पुढचें टोक खालीं जाऊन स्वार तोंडघशीं पडेल.

शेपटीचें क्षेत्रफळ सामान्यतः १५० ते ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या एकदोन पंजांएवढेंच असतें. पण फळीचा स्वभाव तीच ठरविते. मोठी शेपटी फळीला स्थिर ठेवते, चुकलेला तोल सांवरण्यास अवसर देते. मात्र पाण्याचा अडथळा वाढतो आणि फळी सावकाश वळते. लहान शेपटीनें वेग वाढतो, वळणें चपळ होतात. परंतु पाऊल जरा सरकलें तरी नाक वर-खालीं होऊं लागतें. कणा लांब असेल तर तरफेच्या नियमानें लहान शेपटीचाहि जोर वाढतो.

कोनाचें महत्त्व याहून कमी नाहीं. बुडाशीं पातळ पाचर घालून शेपटीचा कोन अर्धा अंश बदलला, तरी तो पायांना जाणवतो. शेपटीचा खालचा दाब वाढविला तर फळी कमी वेगांत उठते. पण वेग दुप्पट झाला म्हणजे पाण्याचा जोर चौपट होतो! मग नाक वर चढूं लागतें व स्वाराला पुढच्या पायावर सारखा भार द्यावा लागतो. त्यांत चूक झाली कीं पुढचा पंख पाण्याबाहेर येतो, उचल एकदम नाहींशी होते आणि कागदी विमानाचीच गत होते. अशा वेळीं पंखांच्या कडांनीं इजा होऊं शकते. म्हणून डोक्यास शिरस्त्राण अवश्य हवें.

निपुण स्वाराची लहान शेपटी पाहून नवशिक्यास मोह पडतो. पण त्यानें आरंभीं मोठीच घ्यावी, आणि हात बसल्यावर पायरीपायरीनें लहान करावी. बदल करावयाचा तो एका वेळीं एकच करावा: आज आकार, तर कोन दुसऱ्या दिवशीं. दोन्ही एकदम बदलल्यास गुण कशाचा व दोष कशाचा, हें कळत नाहीं. प्रयोगशाळेंत आपण शिकतों तो नियम हाच. समुद्रावर तो मोडणाऱ्यास पाण्यांत पडून शिकावा लागतो, इतकेंच!