भांडण घरीच मिटवून कोर्टात जा

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. वकील नाही, समुपदेशकही नाही. पण बहिणीच्या मुलीचा संसार मोडायची वेळ आली तेव्हा दोन्ही घरांनी मलाच मध्ये घातलं, कारण मी दोन्हीकडे बोलत होते आणि मला हिशेब कळत होता. त्या दोघांचं नीट पार पडलं. मग नात्यातली, सोसायटीतली, जुन्या सहकाऱ्यांच्या घरातली आणखी काही प्रकरणं माझ्या जेवणाच्या टेबलावर आली. लग्न जुळवणारी एक मावशी प्रत्येक खानदानात असते. माझ्या वाट्याला दुसरं टोक आलं. सगळी लग्नं हिंदू विवाह कायद्याखालची, त्यामुळे खालचं बोलणं तेवढ्यापुरतं.

१. कोर्ट चुकत नाही, चुकते ती उलटतपासणी.

"कोर्टात न जाता उरकता येईल ना हो?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. नाही येत. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तरी नवरा-बायको नवरा-बायकोच राहतात. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, वर फौजदारी गुन्हा. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि कायद्याच्या कलम २९ने तिला जागाही ठेवली आहे. पण रूढी आहे हे कोणी नाकारलं की ती सिद्ध करायला कोर्टातच जावं लागतं.

मार्ग आहे तो १३-ब या कलमाचा. कायदा १९५५ चा, हे कलम त्यात १९७६ साली आलं. तोवर या कायद्याखाली सुटका हवी असेल तर साधारणपणे समोरच्याचा व्यभिचारासारखा दोष दाखवावा लागे. म्हणजे ज्याच्याशी कधी काळी सप्तपदी चाललो त्याची लक्तरं चव्हाट्यावर. १३-ब मध्ये कोणी कोणावर आरोप करत नाही. वर्षभर वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमत नाही, लग्न संपवायचं दोघांनी ठरवलंय, एवढंच सांगणारा एकच अर्ज दोघं मिळून देतात. न्यायाधीशांसमोर उभं राहायचं ते ठरलेलं नोंदवून घ्यायला. ठरवायचं काम घरी, आधी.

आणि "वेगळं राहणं" म्हणजे वेगळी जागा घेतलीच पाहिजे असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलं आहे. दुसरं भाडं परवडत नाही म्हणून हॉलमध्ये झोपणारा नवरा मी पाहिला आहे. त्याचे ते महिने फुकट गेले नाहीत.

२. आधी भीती आहे का ते बघा.

मारहाण असेल, बायको नवऱ्याकडे बघून मग उत्तर देत असेल, तर मध्यस्थाने उठावं. असल्या बैठकीतून निघतो तो समझोता नसतो, दबाव असतो. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे त्यात पाहत नाहीत. मी दोन्ही बाजूंना पहिल्यांदा वेगवेगळं भेटते ते याचसाठी.

३. टेबलाशी चार खुर्च्या.

ते दोघं, मी, आणि फार तर दोघांना चालेल असा आणखी एक. आईवडील आतल्या खोलीत सुद्धा नकोत, कारण आतल्या खोलीतून सगळं ऐकू येतं. लग्नात मानपान राहिलेली आत्या तर नकोच. ती पाचव्या मिनिटाला साखरपुड्याच्या साडीवर येते.

वकील कधी? मसुदा तयार झाल्यावर, पण सही व्हायच्या आत. म्युच्युअलचा, म्हणजे परस्पर संमतीचा, अर्ज एकच वकील दोघांसाठी करून देतो, त्यात खर्चही वाचतो. तरी सहीआधी प्रत्येकाने तो कागद आपल्या स्वतंत्र वकिलाला एकदा दाखवावा, असा माझा आग्रह असतो. एका बैठकीची फी जाते, पण "मला तेव्हा कळलंच नाही" हे वाक्य पुढे कोणी बोलत नाही.

४. सुरुवात सोन्यापासून.

लोकांना वाटतं, आधी मोठे विषय घ्यावेत. मी उलट करते. जीव अडकलेला असतो दागिन्यांत. ते मिटले की पुढचं बोलणं माणसासारखं होतं. आपल्याकडे लग्न ठरताना याद्या होतात, कोण काय देणार हे लिहून निघतं. मोडतानाही यादीच करायची.

लग्नाचा अल्बम काढून बसायचं. बघवत नाही, पण त्याच्याइतका पुरावा नाही. ठुशी कोणाची, पाटल्या कोणी केल्या, तोडे सासूबाईंनी घातले की आईने, हे फोटोत दिसतं. माहेरचं, सासरचं, पाहुण्यांचं, जे काही तिला म्हणून दिलं ते स्त्रीधन, आणि स्त्रीधन तिचं एकटीचं. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलं आहे. "आमच्या घराण्यातलं आहे" असं म्हणत सासूबाईंनी मोहनमाळ मागितली तर ती मागणी विनंती म्हणून करावी. माझ्या अनुभवात विनंती केली की मुली परत देतात. भाचीने तर न मागता दिली. हक्क सांगितला की मात्र वाटीभर मणीसुद्धा सुटत नाहीत.

वजन सराफाकडे करून चिठ्ठी घ्यायची. देणं-घेणं झालं की दोघांच्या सहीची पोच. रुखवतातली भांडी, मिक्सर, पुरणयंत्र यांवर मात्र एका बैठकीपेक्षा जास्त वेळ घालवू देऊ नये.

५. बँक तुमच्या कन्सेंट टर्म्स वाचत नाही.

हे मी कर्जाच्या टेबलामागे बसून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर. पुण्या-मुंबईतल्या जोडप्यांचा फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर. समझोत्यात, म्हणजे कन्सेंट टर्म्समध्ये, लिहितात, "फ्लॅट पती घेईल, उरलेले हप्ते पती भरेल." कोर्ट त्यावर हुकूमनामा देतं. बायको निश्चिंत होते. पण बँक त्या समझोत्यात पक्षकार नाही. बँकेच्या लेखी कर्जदार दोघंच. तो हप्ता चुकला की नोटीस तिलाही जाते आणि सिबिल तिचंही खराब होतं. दोन वर्षांनी ती स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला येते तेव्हा तिच्या नावावर ते जुनं कर्ज उभंच असतं.

म्हणून अर्ज करायच्या आधी बँकेत जायचं. राहणाऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज पेलतं का, हे बँक नव्याने तपासते. पेलत असेल तर दुसऱ्याचं नाव कमी करता येतं. पेलत नसेल तर नवा सहकर्जदार आणावा लागतो, नाहीतर घर विकून कर्ज फेडून उरलेलं वाटून घ्यावं लागतं. घर विकणं म्हणजे हरणं असं मुलांच्या बापांना फार वाटतं. मला तोच सगळ्यात स्वच्छ मार्ग वाटतो.

ज्याचं नाव जाणार त्याने हक्कसोडपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, मग सोसायटीचं भागपत्र, मग वीजमीटर. मुद्रांक शुल्क कोण भरणार तेही लिहा. मी एक बैठक निव्वळ यावर मोडताना पाहिली आहे. सामाईक लॉकर असेल तर दोघांनी एकाच दिवशी जाऊन रिकामा करून बंद करावा.

६. "मला त्याचा एक पैसा नको" हे रागाचं बोलणं आहे, ते लिहून घेऊ नका.

नोकरी करणाऱ्या मुली हे हमखास म्हणतात. मी म्हणते, बरं, आणि वही पुढे ओढते. बाळंतपणानंतर किती वर्षं घरी होतीस? त्या काळात पीएफ किती जमला असता? बढती गेली का? हे आकडे समोर आल्यावर मग काय सोडायचं ते तिने शांतपणे ठरवावं. सोडलं तर सोडलं, पण एकदा "यापुढे पोटगी मागणार नाही" असं लिहून दिलं की मागाहून उघडणं अवघड.

एकरकमी की दरमहा? मी एकरकमीच्या बाजूची. दरमहाच्या रकमेबरोबर दरमहाचा संपर्कही येतो आणि एखाद्या महिन्यात उशीर झाला की सगळं पुन्हा पेटतं. शिवाय दरमहा पोटगी तिच्या उत्पन्नात धरून करपात्र होते. एकरकमी रक्कम साधारणपणे भांडवली प्राप्ती मानली जाते. मोठी रक्कम असेल तर सनदी लेखापालाला विचारून घ्यावं.

७. मुलाचा हक्क आईबापाला सोडता येत नाही.

"मुलाचा खर्च मीच करेन, तू काही देऊ नकोस, भेटायलाही येऊ नकोस." असं ठरवून आलेली जोडपी मी परत पाठवली आहेत. मुलाचं पालनपोषण हा मुलाचा हक्क आहे. आईने त्याच्या वतीने पाणी सोडलं तरी तो संपत नाही.

ताबा कोणाचा हे बहुतेक वेळा दहा मिनिटांत ठरतं. वेळ लागतो तो "भेट" या एका शब्दाचा तपशील लिहायला. वकिलांच्या छापील मसुद्यात असतं, "वडील मुलास वाजवी वेळी भेटू शकतील." वाजवी म्हणजे काय, यावर पुढची दहा वर्षं भांडता येतं. आम्ही वार लिहितो, वेळ लिहितो, आणायला कोण जाणार आणि सोडायला कोण येणार ते लिहितो. मे महिन्याची सुटी अर्धी-अर्धी, पण पहिला अर्धा कोणाचा? गणपती वडिलांच्या घरी बसतो, तर मुलगा तिथे किती दिवस? दिवाळीत अभ्यंगस्नान एकीकडे, भाऊबीज दुसरीकडे, कारण चुलत बहीण तिकडे आहे. आजी-आजोबांचं वेगळं लिहावं. त्यांची आठवण कोणालाच राहत नाही. शाळेच्या पालकसभेला दोघं येणार का? फी कोण भरणार, आणि बारावीनंतर? मुलाच्या पासपोर्टला दोघांच्या संमतीची गरज पडते, ती अडवायची नाही, हेही एक वाक्य. कोणाला परदेशात नोकरी लागली तर किती आधी कळवायचं?

एका घरी नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं, तुला काय हवंय? त्याला फक्त हे माहीत करून घ्यायचं होतं की सायकल कुठल्या पार्किंगमध्ये राहणार. आमच्या चार पानी यादीत सायकल नव्हती.

८. पोलीस ठाण्यातली तक्रार टेबलावर मागे घेता येत नाही.

छळाचं कलम ४९८-अ (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) दाखल असेल तर दोघांनी हात मिळवले तरी खटला आपोआप मिटत नाही. उच्च न्यायालयाकडून तो रद्द करून घ्यावा लागतो. समझोता झाला असेल तर न्यायालयं तसं करतात. कुठे कोणतं प्रकरण चालू आहे, नंबरासकट सगळी यादी कन्सेंट टर्म्समध्ये घाला.

९. सहा महिन्यांत मन फिरू शकतं. पैसे त्या हिशेबाने द्या.

अर्ज दिल्यावर लगेच निकाल मिळत नाही. किमान सहा महिने थांबायचं आणि दीड वर्षाच्या आत पुन्हा दोघांनी जाऊन "आमचं ठरलेलं कायम आहे" असं सांगायचं. मधल्या काळात कोणीही संमती काढून घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा तोच १९९१ चा निकाल हेही सांगतो. त्यामुळे सगळी रक्कम पहिल्या तारखेला देणारा नवरा भाबडा आणि सगळं सोनं आधीच परत करणारी बायकोही. एक हिस्सा पहिल्या वेळी, उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या तारखेला कोर्टातच हातात.

सप्टेंबर २०१७ पासून हे सहा महिने माफ होऊ शकतात. आधीच दीड वर्ष वेगळे राहत असाल, पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असेल, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील आणि थांबण्याने नुसता मनस्ताप वाढणार असेल तर तसा अर्ज करता येतो. माफ करायचं की नाही हे न्यायाधीशांच्या हातात. गृहपाठ चोख असलेल्यांना हा फायदा मिळतो, धुसफुस शिल्लक असलेल्यांना नाही. आणि या काळात व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सुविचार टाकू नयेत. ते कोणासाठी आहेत हे दोन्ही घरांना कळतं.

१०. तारखेचा दिवस.

पुण्यात शिवाजीनगरला, मुंबईत वांद्र्याला कौटुंबिक न्यायालय. लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, सगळं मूळ प्रतींसह. आधी विवाह समुपदेशक विचारतात, दोघांना वेगवेगळंही विचारतात. ही औपचारिकता समजून घाई करू नये. त्या बाई तुमच्या बाजूच्या असतात. न्यायाधीशांचे प्रश्न साधे: स्वखुशीने करताय ना, कोणाचा दबाव नाही ना, ठरलेलं वाचलंय ना. बोलणं काही मिनिटांचं, बाकावर बसणं तासांचं. डबा न्या. एकजण अमेरिकेत असेल तरी अडत नाही. कुलमुखत्यारपत्रावर अर्ज आणि व्हिडिओवरून संमती, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं आहे.

निकालाच्या प्रमाणित नकला पाच-सहा काढून ठेवा. पासपोर्ट, बँक, पुनर्विवाह, प्रत्येक जण मागतो. आणि वारसनोंदी आपोआप बदलत नाहीत: पीएफ, ठेवी, विमा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी गॅसपासून आधारपर्यंत सगळं बदललं आणि मुदत विम्यात पहिल्या बायकोचं नाव तसंच ठेवलं. विचारलं तर म्हणाले, "असू दे हो, मुलगी तिच्याकडेच आहे." मी त्यांना नॉमिनी म्हणून मुलीचं नाव घालायला लावलं, आणि ती सज्ञान होईपर्यंत अपॉइंटी म्हणून तिच्या आईचं.