करवंद

वैशाखात डोंगरउतारावरच्या जाळ्या काळ्याभोर होतात. 'डोंगरची काळी मैना' म्हणतात ती हीच. पोरे फळ चावून बघतात. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी!

पण पिकले करवंद टिकत नाही. बायाबापड्या काट्यांत हात घालून पाटी भरतात, आणि सांज झाली की उरलेला माल पडेल त्या भावाला देतात. पुढे पाऊस लागला की फळात अळी होते. म्हणून चैत्रातच थोडी कच्ची करवंदे काढावीत, असे आम्हांला वाटते. सगळी नव्हेत, पोरांचा वाटा जाळीवर राहू द्यावा.

कच्चे करवंद भारी आंबट. देठ तोडला की पांढरा चीक येतो, म्हणून आधी हाताला तेल लावू या. लोणच्यासाठी फळे धुवावी, कापडावर पसरून कोरडी करावी, मग चिरून बिया काढाव्या. मीठ, हळद, तिखट, मोहरीची डाळ कालवावी. फोडणी पार गार करून ओतावी. तेल फोडींच्या वर आले पाहिजे. पाण्याचा अंश राहिला तर बुरशी धरते. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. पितळेच्या भांड्यात आंबट कळकते आणि पोटाला बाधते.

चटणीला एवढा खटाटोप नको. करवंदे, मिरची, लसूण, मीठ नि गुळाचा खडा पाट्यावर वाटला की झाले. करवंदात क जीवनसत्त्व असते. शिजवल्याने ते कमी होते, चटणीत बरेचसे राहते. घरात चिंच नसेल त्या दिवशी आमटीत चार करवंदे ठेचून टाकावी.