तेलाचा लाल दिवा : निदान आणि उपाय

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज वाहनावर उदरनिर्वाह करतात. कोणी मालवण बंदरावरून मासळीचा टेम्पो नेतो, कोणी कुडाळ-कणकवली मार्गावर प्रवासी वाहतूक करतो, कोणी तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांसाठी मोटार चालवतो. बहुतेकांच्या गाडीवर कर्ज असते. अशा गाडीचे इंजिन जाम झाले, तर घराची चूल अडते आणि मुलांचे शिक्षणही अडते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही डॅशबोर्डवरील एका लहानशा दिव्याचा पाठ मांडत आहोत. आमचा विषय इतिहास आहे. परंतु पुराव्याची पडताळणी कशी करावी, हा प्रश्न इतिहासात आणि गॅरेजमध्ये सारखाच असतो.

दिवा काय सांगतो?

तेलाच्या झारीसारखे लाल चिन्ह चावी फिरवताच पेटते आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझते. इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून पंप तेल ओढतो, ते फिल्टरमधून गाळले जाते आणि दाबाने बेअरिंगांपर्यंत पोहोचते. फिरणारा क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू घासत नाही. दाब नाहीसा झाला की थर तुटतो आणि थोड्याच वेळात बेअरिंग जळते.

बहुतेक गाड्यांत दाब साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत उतरल्यावरच हा दिवा पेटतो. म्हणजे तो आगाऊ इशारा देत नाही. संकट दाराशी आल्यावर बोलतो. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार त्यामुळेच घातक ठरतो.

वंगणाचे हे मोल जाणणाऱ्यांमध्ये एलायजा मॅकॉय यांचे नाव आदराने घ्यावे लागते. केंटकीतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेल्या दांपत्याचे ते पुत्र. स्कॉटलंडमध्ये ते यंत्र अभियांत्रिकी शिकले. परंतु अमेरिकेत कृष्णवर्णीय म्हणून त्यांना अभियंत्याची नोकरी मिळाली नाही. रेल्वेत कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. त्याच कामाचा अभ्यास करून १८७२ मध्ये त्यांनी वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल पुरवणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळवले.

रस्त्यात काय करावे?

दिवा पेटताच गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी, पूर्ण थांबवावी आणि मग इंजिन बंद करावे. आंबोली किंवा फोंडा घाटाच्या उतारावर चालत्या गाडीचे इंजिन बंद करू नये. स्टिअरिंग व ब्रेक जड होतात. सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. तेल खालच्या खुणेखाली असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे तेल भरावे. दिवा विझला, तरी तेल गेले कोठे याचा शोध लावलाच पाहिजे. तेल कमी असलेल्या गाडीचा दिवा प्रथम वळणावर किंवा चढणीवर लुकलुकतो, कारण तेल एका बाजूला सरकते आणि पंपाच्या जाळीला हवा लागते.

तेल पुरेसे असूनही दिवा पेटलेला असेल, अथवा इंजिनातून ठोके ऐकू येत असतील, तर पुन्हा चावी मारू नये. गाडी ओढून न्यावी.

गॅरेजमध्ये तपासणीचा क्रम

इतिहासाचा अभ्यासक एका साक्षीवर निकाल देत नाही. दुसरे स्वतंत्र साधन शोधतो. येथेही स्विच ही एकच साक्ष आहे. तो बिघडलेला असू शकतो, त्याची तार खरवडून बॉडीला लागलेली असू शकते. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने आणि पावसाने जोडण्या गंजतात, हे आपण रोज पाहतो.

म्हणून स्विच काढून त्या जागी काट्याचे प्रेशर गेज लावण्यास सांगावे. १८४९ मध्ये फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी पेटंट घेतलेल्या वाकड्या नळीच्या तत्त्वावर हे गेज चालते. इंजिन गरम झाल्यावर दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय दाब हा ढोबळ नियम आहे. अंतिम आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील मानावा.

गेजवर दाब योग्य आला, तर दोष स्विच किंवा तारेत आहे. ही दुरुस्ती स्वस्त असते. दाब खरोखर कमी असेल, तर स्वस्त कारणांपासून महाग कारणांकडे जावे. प्रथम तेल पाहावे. ते चुकीच्या ग्रेडचे, अति जुने, दुधाळ किंवा डिझेलचा वास येणारे आहे का? बीएस-६ डिझेल गाड्या सतत जवळच्या फेऱ्या करीत असतील, तर डिझेल तेलात मिसळून तेल पातळ होते. तेव्हा डिपस्टिकवरील पातळी उलट वाढलेली दिसते. त्यानंतर फिल्टर बदलावा. मग चेंबर उतरवून जाळीतील गाळ साफ करावा. आपल्या भागातील जांभ्या दगडाच्या कच्च्या रस्त्यांवर चेंबर आदळून आत दबतो आणि जाळीची वाट अडते, हेही तपासावे. त्यानंतर पंप आणि त्याचा दाबनियंत्रक व्हॉल्व्ह. सर्वांत शेवटी बेअरिंग. गरम इंजिन मंद चालताना दिवा लुकलुकतो आणि वेग वाढताच विझतो, तेव्हा तेल पातळ झाल्याचा, पंप किंवा बेअरिंगची झीज झाल्याचा संशय घ्यावा.

दोन पळवाटा टाळाव्यात. जाड तेल ओतून दिवा विझतो, पण झीज तशीच राहते. तार काढूनही दिवा विझतो आणि अशा गाड्या विकल्याही जातात. म्हणून जुनी गाडी घेताना आधी फक्त चावी फिरवावी. लाल दिवा पेटलाच नाही, तर व्यवहार तेथेच थांबवून कारण विचारावे.

‘इंजिनचे काम काढावे लागेल’ असे कोणी सांगितले, तर आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी नम्रपणे एकच प्रश्न विचारावा : गेजवर दाब किती आला? तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, बिलावर लिहून घ्यावा आणि मगच खर्चाला होकार द्यावा.