करटोलीला फुले आली, फळ का नाही?

प्रश्न : गच्चीत कुंडीत करटोलीचा एक वेल लावला आहे. पिवळी फुले भरपूर, फळ एकही नाही. सोलापूरचे ऊन बाधते की खत कमी पडते?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर : ऊन आणि खत, दोघेही निर्दोष! करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. मादी फुलाखाली इवलेसे काटेरी फळ दिसते. नुसता देठ असेल तर तुमचा वेल नर. तो उपटू नका, शेजारी मादी वेलाचा कंद लावा. बियांतून नर उगवेल की मादी, हे फुलांपर्यंत कळत नाही. फुले संध्याकाळी उमलली की नर फुलाचे पराग मादी फुलावर हलकेच टेकवा. हिवाळ्यात वेल वाळेल, पण कंद जिवंत असतो. तेव्हा पाणी मात्र आवरा, नाहीतर तो कुजेल.