रुग्णालयाचे विश्वस्त मंडळ आणि अंतकाळीचे निर्णय

रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा अधिकार रुग्णशय्येपर्यंत कोठवर पोहोचतो, याचा विचार आपल्यापैकी जे धर्मादाय रुग्णालयांवर विश्वस्त आहेत त्यांनी तरी अवश्य करावा.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या तेथेच अंथरुणास खिळून होत्या. १९८० च्या दशकात खाट मोकळी व्हावी म्हणून महानगरपालिकेने त्यांना अन्यत्र हलविण्याचे योजिले. परिचारिकांनी विरोध केला आणि पालिकेस माघार घ्यावी लागली. पुढे ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली. त्या वेळी रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने याचिकाकर्त्या लेखिकेस दिला नाही. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांस दिला. आमच्या मते निकालातील हाच भाग सर्वाधिक मननीय आहे.

९ मार्च २०१८ च्या निकालाने आणि २४ जानेवारी २०२३ च्या सुधारणेने आता रीत ठरली आहे. जीवरक्षक उपचार थांबवावयाचे असल्यास उपचार करणारे डॉक्टर व किमान ५ वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्रथम मंडळ मत देते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक व्यावसायिक आणि दोन निराळे तज्ज्ञ असतात. मत शक्यतो ४८ तासांत द्यावयाचे असते. या रचनेत विश्वस्तांना आसन नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांचे काम त्याआधीचे: तज्ज्ञांची नावे अगोदर निश्चित करणे, नोंदी ठेवविणे आणि थकलेले बिल किंवा खाटांची टंचाई त्या चर्चेत शिरू न देणे. चंदगड-आजऱ्याकडील लहान रुग्णालयाने तज्ज्ञ ऐनवेळी शोधू म्हटले, तर ४८ तास कसे पुरावेत?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चतुर्विध वैद्यवृत्ती सांगताना मैत्री, कारुण्य व प्रीती यांच्यासह उपेक्षाही सांगितली आहे. चक्रपाणींच्या टीकेनुसार ती मरणोन्मुखाविषयी आहे. काहीजण तिचा अर्थ रुग्णास सोडून देणे असा लावतात. तो आम्हांस मान्य नाही. उपेक्षा चिकित्सेच्या आग्रहाची असते, रुग्णाची नव्हे. शानबाग यांना इतक्या वर्षांत शय्याव्रण झाले नाही, ही न्यायालयासमोर आलेली बाब येथे आठवावी.

औषधी दुकानदारांशी याचा संबंध थेट येतो. अतिदक्षता विभागातील रुग्णाचे नातेवाईक हेमगर्भाची मात्रा मागावयास येतात. त्यांचा भाव समजण्याजोगा आहे. तथापि कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णास तोंडावाटे काही देणे धोक्याचे असते. मात्रा देण्यापूर्वी वैद्याची चिठ्ठी पाहावी, आणि वैद्याने ती लिहिण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी स्वतः बोलून तशी नोंद केसपेपरवर करून घ्यावी.