अंबरनाथचे देऊळ किती जुने?

आमच्या शाळेची सहल अंबरनाथला गेली होती. बदलापूरहून गाडीत बसलो. पुढचेच स्टेशन अंबरनाथ. तिथे पूर्वेला वालधुनी नदीच्या काठी महादेवाचे काळ्या दगडाचे देऊळ आहे. नदीत कारखान्यांचे घाण पाणी येते, म्हणून आम्ही सगळ्यांनी नाक धरले होते.

निघताना आजी म्हणाली होती, "ते देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. उजाडलं म्हणून वरचं काम राहिलं." खरेच, शिखराचा वरचा भाग नाही. मला वाटले, आजीचे बरोबर आहे.

पण गुरुजी म्हणाले, देवळात उत्तर दाराच्या तुळईवर शिलालेख आहे. त्यात शके ९८२ हे साल आणि मामवाणी राजाचे नाव आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मी पाटीशिवाय बेरीज केली, १०६० आले. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे तेव्हाच हे देऊळ ५७० वर्षांचे होते! मला तर वाटायचे, सगळ्यात जुने म्हणजे महाराजांचे किल्ले.

मामवाणी हा शिलाहार घराण्यातला राजा. शिलाहारांची राजधानी आपले ठाणे होती. त्याचा भाऊ छित्तराज याच्या वेळी देवळाचे काम सुरू झाले असे मानतात.

काही लोक याला हेमाडपंती देऊळ म्हणतात. पण हेमाडपंत हा यादवांचा प्रधान, तो दोनशे वर्षांनी झाला. मग त्याने हे कसे बांधले असेल? चुना न घालता दगडात दगड अडकवला की लोक हेमाडपंती म्हणून मोकळे होतात.

बाहेरच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत मूर्ती आहेत. देव, नाचणाऱ्या बाया, हत्ती. पुष्कळ मूर्तींची नाकेतोंडे झिजली आहेत. आत सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. देवळात वर चढायचे असते, इथे उलटे. खाली पाय गार पडतात आणि वर पाहिले तर आभाळ दिसते. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते.

आता एक गोष्ट लिहायला लाज वाटते. बाहेरच्या एका दगडावर मी खडूने माझे नाव लिहिले. गुरुजींनी पाहिले. मी म्हटले, "राजाचे नाव आहे की, मग माझे का नको?" गुरुजी म्हणाले, "राजाने देऊळ बांधलं. तू काय बांधलंस?" सगळी मुले हसली. मी ओल्या रुमालाने नाव पुसले. दगड खरखरीत असल्यामुळे खाचांत खडू अडकला होता, तो निघेपर्यंत माझा डबा खायचा राहिला. खडूऐवजी खिळा असता तर पुसलेच नसते. तिथे कोणीकोणी तसली नावे कोरली आहेत.

घरी येऊन आजीला शके ९८२ सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे पांडवांनी नाय बांधलं?"

मी म्हटले, "नाही. माणसांनीच. पुष्कळ वर्षं लागली असतील."

आजीने तरुणपणी विहिरीच्या कामावर दगड वाहिले आहेत. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग पाठ मोडली आसंल गं त्यांची."